आडनावाचा माग

पाटील-निलंगेकर, पाटील-चाकूरकर या सर्वश्रुत नावांत ‘पाटील’ या वतनवाचक उपाधीला गाव जोडले गेले असल्याने, नांदेड-लातूरकडील एकाच घराण्याच्या दोन शाखा दप्तरात निरनिराळ्या आडनावांनी आढळणे अस्वाभाविक नाही. विरळ आडनावाचा शोध 1954-55 च्या खासरा पाहणीपासून (जमिनीच्या नोंदींपासून) आरंभावा, त्यामागे सेतवार (जमीन-मोजणीचे जुने दप्तर), इनामाचे कागद, बहुधा उर्दू वा मोडीतले (जाणकार गाठावाच!). लातूर जिल्हा 1982 साली उस्मानाबादेतून वेगळा झाला, हेही स्मरावे; त्याआधीची दप्तरे उस्मानाबादच्या नावे शोधावीत. परंतु माझ्या मते सर्वांत रसाळ साधन म्हणजे त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, ज्यांत यात्रेस आलेल्या पूर्वजाने आपले पिते, बंधू, पुत्र यांची नावे, क्वचित स्वहस्ताक्षरातही, नोंदविलेली सापडतात. मात्र तेथे आडनावाआधी मूळ गाव सांगावे.