व्यक्तिविकास आणि भाषासंपादन : पहिले वर्ष

मराठी स्वनांचे वर्गीकरण करताना आपण प्रौढ भाषकाचे उच्चारण गृहीत धरतो. दंत्य ‘त’ आणि मूर्धन्य ‘ट’ हे दोन स्वन त्याच्यापाशी आहेत, एवढे म्हणून पुढे जातो. हा भाषक त्या अवस्थेपर्यंत कसा पोहोचला, याचा विचार आता करावयाचा आहे.

फलित बीजांडापासून प्रौढ जीव घडेपर्यंतच्या वाटचालीस जीवशास्त्रात ‘व्यक्तिविकास’ म्हणतात, तर जीवजातीच्या उत्क्रांतीच्या इतिहासास ‘जातिविकास’ म्हणतात. या दोन संज्ञा जर्मन प्राणिशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांनी १८६६ मध्ये मांडल्या. गर्भ वाढताना आपल्या पूर्वजांच्या अवस्थांची उजळणी करतो, असेही त्यांचे प्रतिपादन होते. ते टिकले नाही, संज्ञा मात्र टिकल्या. म्हणून मुलाच्या बोबड्या बोलांवरून आदिमानवाची भाषा ताडण्याचा मोह आपणही आवरलेला बरा.

भाषेच्या संदर्भात व्यक्तिविकासाचा आरंभ जन्मापूर्वीच होतो. गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत गर्भाला ऐकू येऊ लागते. गर्भजलातून स्वनांचे बारकावे पोहोचत नाहीत. बोलण्याची लय आणि चढउतार तेवढे पोहोचतात. जर्मनीतील संशोधकांनी २००९ मध्ये फ्रेंच आणि जर्मन मातांच्या नवजात बालकांच्या रडण्याची तुलना केली. फ्रेंच बालकांच्या रडण्यात सूर चढत जाण्याकडे कल आढळला, जर्मन बालकांच्या रडण्यात उतरत जाण्याकडे. दोन्ही भाषांच्या स्वराघातांशी हे जुळणारे आहे. नवजात बालकाची पाटी अगदी कोरी नसते, असा याचा अर्थ.

वागिंद्रियांची स्थिती मात्र वेगळी असते. नवजात बालकाचे स्वरयंत्र घशात बरेच वर असते आणि जिभेने मुखपोकळी जवळजवळ भरलेली असते. स्तनपानाला ही रचना सोयीची आहे. स्वरांचे वैविध्य निर्माण करायला नाही. पुढील काही वर्षांत स्वरयंत्र हळूहळू खाली सरकते. मुलग्यांमध्ये ते वयात येताना पुन्हा एकदा खाली उतरते. आवाज फुटतो तो याच सुमारास.

सर्वांत लक्षणीय घडामोड कानाशी, खरे तर मेंदूशी संबंधित आहे. विकास म्हणजे भर पडणे, ही आपली सर्वसाधारण समजूत. येथे त्याच्या उलट घडते. कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ यांच्या जोडीचा उपयोग केला होता. मराठीतही हा भेद अर्थभेदक आहे. ‘ताक’ आणि ‘टाक’ आठवा. बाळाला एकच अक्षर पुन्हा पुन्हा ऐकवायचे. मध्येच अक्षर बदलले आणि बाळाने मान वळवली, की बक्षीस म्हणून हलते खेळणे दाखवायचे. या रीतीने पाहता, इंग्रजीभाषक घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बालकांना हा भेद कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बालकांपैकी फारच थोड्यांना कळला. हिंदी ऐकत वाढणाऱ्या तेवढ्याच वयाच्या बालकांत मात्र तो शाबूत होता.

म्हणजे मराठी बालक ‘त’ आणि ‘ट’ यांतील भेद नव्याने मिळवत नाही, तो राखून ठेवते. जे स्वनभेद भोवतालच्या भाषेत निरुपयोगी, त्यांकडे मेंदू दुर्लक्ष करायला शिकतो. ही हानी कायमची नव्हे; प्रौढपणी परिश्रमाने असे भेद पुन्हा आत्मसात करता येतात, पण सहजता राहत नाही. आपणही याला अपवाद नाही. इंग्रजीतील हा स्वन ना दंत्य आहे ना मूर्धन्य, परंतु आपल्या कानाने त्याला ‘ट’च्या कप्प्यात टाकले आणि आपण ‘टेबल’ लिहू लागलो.

ही जैविक वेळापत्रके ध्वनीपुरती मर्यादित नाहीत, हे कर्णबधिर बालकांच्या अभ्यासातून दिसते. साधारण सहा-सात महिन्यांनी ऐकू येणारे मूल ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी अक्षरांची आवर्तने करू लागते. कर्णबधिर मूल सुरुवातीला आवाज काढते, परंतु ही आवर्तने त्याच्याकडून फार उशिरा होतात. लॉरा-अ‍ॅन पेटिटो आणि पॉला मॅरेंटेट यांनी १९९१ मध्ये दाखवले, की ज्या कर्णबधिर बालकांभोवती संकेतभाषा वापरली जाते, ती त्याच सुमारास हातांनी अशी आवर्तने करतात. अभ्यासातील बालके थोडी होती, तरी निष्कर्ष मोलाचा आहे. वेळ शरीर ठरवते. कोणती भाषा आणि कोणत्या माध्यमातून, हे परिसर ठरवतो. परिसराने काहीच पुरवले नाही, तर वेळ निघून जाते.

एरिक लेनेबर्ग यांनी १९६७ च्या ग्रंथात भाषासंपादनाचा निर्णायक काळ दोन वर्षांपासून वयात येईपर्यंतचा मानला होता. वरील प्रयोग पाहता त्याची सुरुवात बरीच अलीकडे, पाळण्यापर्यंत आणावी लागते. शेवटाची सीमाही एक नाही : स्वनांच्या बाबतीत दार लवकर लोटले जाते, व्याकरणाच्या बाबतीत बऱ्याच उशिरा, आणि शब्दसंग्रह तर आपण म्हातारपणीही वाढवत असतो.

आपल्यापैकी काही जण शिक्षक आहेत, काही अंगणवाडीत काम करतात. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचा मामाही चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता’ ही वाक्ये तुमच्या कानावर पडत असतील. मुले बोलण्यात मागेपुढे असतात, हे खरे. परंतु दहा महिन्यांचे मूल ‘बाबाबा’सारखी आवर्तने करत नसेल, हाकेला वळून पाहत नसेल, तर मामाचा दाखला पुरेसा नाही, त्याची श्रवणचाचणी व्हायला हवी. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासावयाच्या जन्मजात दोषांमध्ये बहिरेपणाचा समावेश आहे. दोष लवकर कळला, तर श्रवणयंत्र, कर्णरोपण किंवा संकेतभाषा यांपैकी एखादा मार्ग मुलाला वेळेत मिळू शकतो. तो तिसऱ्या-चौथ्या वर्षी कळला, तर त्या घरात बोलले गेलेले हजारो शब्द मुलापर्यंत पोहोचलेलेच नसतात.