तासगावात सरकारचा पैसा कुठून कुठून येतो

वर्षाला 12,000 रुपये, म्हणजे दिवसाला 33 रुपयेसुद्धा पुरते नाहीत. पीएम किसानचे 6,000 केंद्राचे, नमो शेतकरीचे 6,000 राज्याचे, दोन-दोन हजारांच्या हप्त्यांनी. सावळजच्या दहा एकर द्राक्षबागेला आणि माळावरच्या वीस गुंठे जिरायतीला रक्कम एकच!

हप्ता कुटुंबाला मिळतो. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठराच्या आतली मुलं. दोन भाऊ एका चुलीवर जेवत असले तरी दोघांच्या नावे जमीन असेल तर हप्ते दोन. 1 फेब्रुवारी 2019 नंतर जमीन विकत घेतलेला बसत नाही, वारसाने मिळालेला बसतो. आणि वाट्याने किंवा खंडाने कसणारा? सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून हप्ताही नाही. फवारणी तो करतो, अवकाळीच्या रात्री बागेत तोच उभा असतो. हा नियम बदलायलाच हवा.

खात्यात न दिसणारा पैसा याहून मोठा आहे. युरियाची 45 किलोची गोणी साधारण 266 रुपये 50 पैशांना मिळते, खरी किंमत त्याच्या कितीतरी पट. फरक जातो खत कंपनीला, तोही दुकानातल्या पॉस मशीनवर शेतकऱ्याचा अंगठा उमटल्यावरच. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाचं बिल एप्रिल 2024 पासून राज्य सरकार भरतं. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं पाणी तर विजेवरच वर चढतं. त्या वीजबिलात सरकारचा वाटा 81 टक्के, शेतकऱ्याचा 19. तालुक्यात कृष्णेचं पाणी पोचलं, त्यात या आकड्याचा मोठा हात आहे.

ठिबकला अल्पभूधारकाला 80 टक्के, इतरांना 75 टक्के अनुदान. आधी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज, मग पूर्वसंमती, मग स्वतःच्या खिशातून खरेदी, मग मोका तपासणी. त्यानंतर वाट बघणं आलंच. ज्याच्याकडे आधी घालायला पैसे नाहीत, त्याला 80 टक्क्यांचा उपयोग काय?

जुन्या काळी सरकार देत नव्हतं, उसनं देत होतं. ती तगाई; तिचे कायदे 1883 आणि 1884 चे.

सगळ्यात भारी गोष्ट विसापूरची. वि. स. पागे हे राज्याच्या विधान परिषदेचे दीर्घकाळ सभापती होते. तासगाव तालुक्यातल्या या गावात त्यांनी 1965 च्या सुमारास मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग मांडला. 1972 च्या दुष्काळात त्याची राज्यव्यापी रोजगार हमी योजना झाली, 1977 मध्ये कायदा झाला. पैसा आणायचा कुठून? 1975 पासून नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारपत्रकावर आजही महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापलेले दिसतात, ते याच कराचे. शहराने पगारातून गावाच्या मजुरीला हातभार लावायचा, हा विचार तेव्हा देशात नवा होता. पुढे 1990 पासून याच योजनेतून शेतकऱ्याच्या बांधावर आणि माळावर फळझाडं लागली, खड्डे काढण्याच्या मजुरीसकट. केंद्राचा रोजगार हमी कायदा आला 2005 मध्ये, विसापूरनंतर 40 वर्षांनी.