बेंजोची थाप आणि उघाडीची झडप

समजा, भुईगावातल्या एखाद्या घरी कादोडी बोलीतलं लग्नगीत लॅपटॉपवर मुद्रित झालंय. बायकांचा कोरस छान लागलाय, बेंजो खणखणीत आहे, ढोलकी मात्र जरा जास्तच वाजतेय. मिक्सिंग उरकलं, आता मास्टरिंगचा शेवटचा हात फिरवायचा. इथे सॉफ्टवेअर चार कॉम्प्रेसर पुढे करतं: फेट, ऑप्टो, व्हीसीए आणि व्हेरी-म्यू. चौघांचं काम एकच, चढलेला आवाज आवरणं. मग चार कशाला?

याचं उत्तर खारजमिनीच्या बांधावर मिळतं. भरतीचं पाणी रेटू लागलं की उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, झडप आपसूक मिटते आणि ओहोटी लागली की उघडते. कॉम्प्रेसर ही आवाजाची उघाडी. झडप किती चटकन मिटते तो अटॅक, किती सावकाश उघडते तो रिलीज. चार प्रकारांतला खरा फरक आहे तो या चालीचा.

फेट सगळ्यांत चपळ. बिल पुटनम यांनी 1967 मध्ये आणलेला 1176 हा कॉम्प्रेसर सेकंदाच्या 50 हजाराव्या भागात झडप मिटवू शकतो. एकट्या गायकाच्या किंवा ढोलकीच्या ट्रॅकवर तो बहार आणतो. पण तीच घाई अख्ख्या गाण्यावर लादली, तर प्रत्येक थापेसरशी कोरस खाली दबतो, पुन्हा उसळतो आणि गाणं धापा टाकू लागतं.

ऑप्टोची गंमत वेगळी. टेलिट्रॉनिक्सच्या एलए-2ए मध्ये आवाज वाढला की आतली चकती उजळते आणि तिचा प्रकाश पडून प्रकाशसंवेदी रोधकाचा रोध घटतो. हा रोधक भर उन्हातून माजघरात शिरलेल्या डोळ्यांसारखा आहे, पूर्ववत व्हायला वेळ घेतो. निम्मी सुटका सुमारे 60 मिलिसेकंदांत होते, उरलेली व्हायला काही सेकंदही लागतात. म्हणून त्याची पकड कानाला टोचत नाही.

व्हेरी-म्यूची कथा मात्र थांबून सांगण्यासारखी आहे. ध्वनिमुद्रिका कापताना आवाज अचानक उसळला, तर खाच शेजारच्या खाचेत घुसायची भीती असे, आणि मग घरोघरच्या ग्रामोफोनची सुई उडी मारणार! हा धोका टाळायला 1950 च्या दशकाच्या अखेरीस फेअरचाइल्ड 660 आणि त्याचा स्टीरिओ भाऊ 670 आले. 670 मध्ये 20 व्हॉल्व्ह, वजन सुमारे 30 किलो. आवाज चढेल तसं व्हॉल्व्हचं वर्धन आपोआप उतरत जातं, त्यामुळे आवरणं सुरू कधी झालं हे कळतच नाही. बीटल्सच्या ध्वनिमुद्रणांत अ‍ॅबी रोड स्टुडिओने 660 भरपूर वापरला. यंत्रावर नाव लागलं ते कंपनीचे मालक शर्मन फेअरचाइल्ड यांचं. रचना होती एस्टोनियातून निर्वासित होऊन अमेरिकेत आलेल्या राइन नार्मा यांची. आज या यंत्राच्या नकला शेकडो लॅपटॉपांत चालतात, पण नार्मांचं नाव किती जणांना ठाऊक आहे?

उरला व्हीसीए. डेव्हिड ब्लॅकमर यांनी 1970 च्या दशकात घडवलेल्या मंडलांमुळे तो लोकप्रिय झाला. त्याला स्वतःचा रंग जवळजवळ नाही. अटॅक, रिलीज आणि रेशो (चढलेला आवाज किती पटीने आवरायचा ते प्रमाण) जसे ठरवाल तसा वागतो.

मग लग्नगीताला कोणता? बेंजो आणि ढोलकीचा ठेका शाबूत ठेवायचा, तर व्हीसीए. अटॅक 30 मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे थाप निसटून जाते आणि मगच झडप मिटते. रेशो दीडास एक, आणि आवाज किती दबला ते दाखवणारा काटा एक-दोन डेसिबलपेक्षा जास्त हलायला नको. कोरस सुटासुटा वाटत असेल, तर व्हेरी-म्यू त्याला मऊपणे बांधून घेतो. ऑप्टो संथ गाण्याला ठीक. फेट मिक्सिंगच्या टेबलावरच शोभतो. प्रत्येक प्रकार ऐकताना आधीचा आणि नंतरचा आवाज सारखा करून घ्यावा, कारण जो मोठा तो कानाला उगाचच चांगला वाटतो.

‘जितकं मोठं तितकं भारी’ हा जुना हट्ट तर आता फुकटच जातो. स्पॉटिफाय सर्वसाधारणपणे गाणी उणे 14 एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) या पातळीवर आणून ऐकवतं आणि यूट्यूबही फार मोठं गाणं स्वतःच खाली ओढतं. दाबून चपटं केलेलं गाणं तिथे चपटंच उरतं, मोठं राहत नाही.

आणि ढोलकी अजूनही अंगावर येत असेल, तर चारही कॉम्प्रेसर बंद करावेत, मिक्सिंगला परत जावं आणि ढोलकीच दोन डेसिबल खाली घ्यावी.