पोळीचा हिशेब

बाहेरचं खाणं महाग आणि घरचं स्वस्त, हे आपण इतकं गृहीत धरलेलं असतं की त्याचा हिशेब कोणी मांडत नाही. मांडलाच, तर एका बाजूला हॉटेलचं बिल आणि दुसऱ्या बाजूला वाण्याची यादी, एवढ्यावर तो संपतो. क्रिसिल ही संस्था दर महिन्याला घरच्या शाकाहारी थाळीचा सरासरी खर्च जाहीर करते. गेल्या काही वर्षांत तो बहुधा २५ ते ३५ रुपयांच्या दरम्यान राहिला आहे. धान्य, डाळ, भाज्या, तेल, मसाले, गॅस हे सगळं त्यात येतं, फक्त रांधणाऱ्याची मजुरी येत नाही. आता दुसरा आकडा पाहा. महाराष्ट्र सरकारने २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन थाळी सुरू केली. दोन चपात्या, भाजी, वरण, भात एवढं साधं जेवण ग्राहकाला १० रुपयांत मिळणार होतं. पण सरकारने थाळीची खरी किंमत शहरात ५० आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरली आणि वरची रक्कम स्वतः भरायचं ठरवलं. दोन्ही थाळ्यांचे पदार्थ आणि मापं वेगळी असल्यामुळे त्यांची तंतोतंत तुलना होणार नाही. तरी एवढं कळतं, की तोच वरणभात घराबाहेर शिजला की जागेचं भाडं, भांडी घासणं आणि राबणारे हात यांचे पैसे मोजावेच लागतात. घरात भांडी घासली जातात, हातही राबतात. त्यांची नोंद मात्र कुठेच होत नाही.

ही नोंद करायची तर सुरुवात पोळीपासून करावी. एक किलो कणकेच्या मध्यम आकाराच्या ३०-३५ पोळ्या होतात. कणीक ४० रुपये किलो धरली तर एका पोळीत जेमतेम सव्वा रुपयाचं पीठ जातं. शहरातल्या पोळी-भाजी केंद्रात तीच पोळी ८-१० रुपयांना मिळते, आणि ‘ही तर लूट’ असं वाटतं. पण घडीची पोळी होताना नीट पाहावी. कणीक मळायची, तेलाचा हात लावून मुरायला ठेवायची, उंडा करून छोटी पारी लाटायची, तेलाचं बोट फिरवून पिठी भुरभुरायची, घडी घालायची आणि मग कडा जाड राहणार नाहीत अशी पुन्हा लाटायची. एक पोळी तव्यावर असते तेव्हा दुसरी पोळपाटावर असते. क्षणभर लक्ष गेलं की डाग पडतो किंवा पापुद्रा कडक होतो. या कामात हात एक मिनिटही मोकळे नसतात. शिवाय चार पोळ्या करायच्या असोत की वीस, कणीक मळणं, तवा तापवणं, परात धुणं आणि ओटा पुसणं चुकत नाही. म्हणून एकट्या माणसाला घरची पोळी वेळेच्या मापात सर्वांत महाग पडते, आणि केंद्रातली पोळी एका तव्यावर शेकड्यांनी होते म्हणून परवडते.

वरण-भाताचं गणित याच्या नेमकं उलटं आहे. डाळ-तांदूळ धुऊन कुकर लावला की शिट्ट्या होईपर्यंत माणूस मोकळा. वर फोडणी द्यायला पाच मिनिटं पुरतात. दोघांसाठी लागणारे कष्ट पाच जणांसाठी फारसे वाढत नाहीत. उलट हॉटेलातल्या दाल फ्राय आणि जिरा राइसच्या किमतीत डाळ-तांदळाचा वाटा अगदी थोडा असतो. बाकीचे पैसे बसायची जागा, वाढपी आणि पंखा यांचे. म्हणजे बाहेर सर्वांत फायद्याची वस्तू पोळी आणि सर्वांत तोट्याची वस्तू डाळ. आपण मात्र पोळ्या घरी लाटतो आणि रविवारी दाल फ्राय मागवतो.

यावर पहिला आक्षेप असा, की घरातल्या वेळेचे कोण पैसे देतं? ज्याला त्या तासात दुसरी कमाई नाही त्याच्यापुरता तो खरा आहे. पण वेळ फुकट असता तर तो सगळ्यांनी सारखाच दिला असता. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात असं दिसलं. असं काम करणारे पुरुष ९७ मिनिटं. म्हणजे हा वेळ फुकट नाही, तो बहुतेक एकाच खात्यातून खर्ची पडतो. दुसरा आक्षेप आरोग्याचा. बाहेरच्या तेलाची आणि स्वच्छतेची शंका रास्त आहे, पण ती तर्रीला आणि तळणाला जितकी लागू होते तितकी समोर भाजलेल्या कोरड्या पोळीला होत नाही. तिसरा आक्षेप मायेचा. मायेची किंमत करू नये हे मान्य. मग मायेचं हे काम घरातल्या प्रत्येकाने आळीपाळीने करावं.

तेव्हा ‘घरी की बाहेर’ हा प्रश्नच चुकीचा आहे. प्रत्येक पदार्थात माल किती आणि हात किती, हे पाहून ठरवावं. एकटा माणूस किंवा नोकरी करणारं जोडपं असेल तर पोळी विकत घ्यावी आणि डाळ, भात, उसळ, खिचडी घरी शिजवावी. घर मोठं असेल तर पोळ्याही घरीच परवडतात, पण एका अटीवर: लाटणं एकाच हातात राहता कामा नये.