क्लचचे तेल जाते कुठे?

पावसाळ्यातली गोष्ट. अम्मींना रात्रभर दम लागत होता, म्हणून फजरची नमाज होताच आम्ही डहाणूहून वापीच्या दवाखान्याकडे निघालो. चारोटीला महामार्गावर लागलो तेव्हा सगळे ठीक होते. तलासरी मागे पडली आणि अच्छाडच्या बाजूला ट्रकची रांग दिसू लागली. गिअर बदलायला क्लच दाबला, तर पॅडल खाली गेले ते वर आलेच नाही. मागून ट्रकचा हॉर्न सुरू होता. अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला, गिअर ओढून न्यूट्रलला आणला आणि घरंगळती गाडी कशीबशी कडेला घेतली.

एका टेम्पोवाल्या भाईंनी अम्मींना आणि धाकट्या बहिणीला पुढे नेले. अल्हम्दुलिल्लाह, इलाज वेळेवर झाला. दुपारी गाडीखालून बाहेर आलेल्या मिस्त्रींनी हात पुसत एकच प्रश्न विचारला, “सर, तेल घालत होतात ते बरोबर, पण ते जाते कुठे, हे कधी पाहिले का?”

आमच्याकडे उत्तर नव्हते. तीन आठवड्यांपासून क्लचच्या डबीतले तेल कमी होत होते आणि आम्ही दर जुम्म्याला थोडे थोडे भरत होतो. गाडीची काळजी घेतो आहोत, असेच आम्हाला वाटत होते. खरे तर गाडी रोज इशारा देत होती आणि आम्ही तो बुजवत होतो.

हा क्लच समजायला अवघड नाही. मुलांना आम्ही तो दोन सिरिंजवर दाखवतो. एक लहान, एक मोठी. दोन्ही पाण्याने भरून मध्ये नळी जोडायची. लहानीचा दांडा दाबला की मोठीचा दांडा बाहेर सरकतो. मोठीच्या पिस्टनचे क्षेत्रफळ दुप्पट असेल तर जोर दुप्पट मिळतो, मात्र दांडा निम्माच सरकतो. पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात मांडलेला हा नियम शाळेच्या पुस्तकात असतो. गाडीत पॅडलजवळची लहान सिरिंज म्हणजे मास्टर सिलिंडर आणि गिअरबॉक्सजवळची मोठी म्हणजे स्लेव्ह सिलिंडर. पाण्याऐवजी आत ब्रेक ऑइल असते. स्लेव्हचा दांडा बेअरिंग ढकलतो, प्रेशर प्लेट उचलली जाते, क्लच प्लेट मोकळी होते आणि इंजिनाचा जोर गिअरबॉक्सपासून क्षणभर तुटतो. तेवढ्यात आपण गिअर बदलतो.

आता त्याच नळीत हवेचा एक बुडबुडा सोडून पाहा. दांडा दाबला तरी पलीकडचा दांडा नीट हलत नाही, कारण पाणी दबत नाही पण हवा दबते. गाडीतही हेच होते. रबरी सील झिजले की तेल बाहेर पडते, त्याच्या जागी हवा शिरते आणि पॅडल स्पंजासारखे लागू लागते.

मिस्त्रींच्या प्रश्नाचे मर्म इथेच आहे. ब्रेकचे पॅड झिजले की चाकाजवळचे पिस्टन पुढे सरकून राहतात आणि ती जागा भरायला डबीतले तेल खाली उतरते. म्हणून ब्रेकचे तेल वर्षभरात थोडे कमी होणे स्वाभाविक आहे. क्लचचे उलटे आहे. प्लेट झिजली की बहुतेक गाड्यांत स्लेव्हचा पिस्टन मागे सरकतो आणि तेल डबीकडे परत येते. म्हणजे क्लचची स्वतंत्र डबी असेल आणि तिच्यातले तेल उतरत असेल, तर अर्थ एकच: कुठेतरी गळती आहे. तेल भरणे हा त्यावरचा इलाज नव्हे.

अनेक गाड्यांत ब्रेक आणि क्लचची डबी एकच असते. तिथे क्लचची नळी सहसा वरच्या बाजूला असते, म्हणजे क्लचची गळती झाली तरी ब्रेकपुरते तेल खाली शिल्लक राहावे. तरीही तेल उतरत असेल तर ब्रेक आणि क्लच दोन्ही तपासून घ्यावेत. काही लहान गाड्यांत तेलाऐवजी तारेचा क्लच असतो. आपला कोणता, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे.

गळती शोधायच्या जागा तीन. पॅडलच्या वर, पायाजवळच्या मॅटवर ओल दिसली तर मास्टर सिलिंडर. नळीच्या जोडावर ओल असेल तर नळी. गिअरबॉक्सजवळ तेल दिसले तर स्लेव्ह. काही गाड्यांत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या तोंडाशी आत बसवलेला असतो आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. अशा वेळी प्लेट आणि बेअरिंगही पाहून घ्यावे, दुसरी मजुरी वाचते.

ब्रेक ऑइलची एक खोड आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांनी विशेष ध्यानात ठेवावी: ते हवेतला ओलावा शोषते. पाणी शिरले की आतला धातू गंजतो, सील खराब होतात आणि तेल लवकर उकळते. ताज्या डॉट 4 तेलाचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असतो, ओलावा शोषल्यावर त्याची किमान मर्यादा 155 धरली जाते. म्हणून साधारण दोन वर्षांनी, किंवा पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत, तेल बदलावे. तेल काळपट दिसले तर वाट पाहू नये. झाकणावर डॉट 3 की डॉट 4 लिहिलेले असते, तेच वापरावे आणि सीलबंद बाटलीतलेच घ्यावे. इंजिन ऑइल चुकूनही घालू नये, रबर फुगते. ब्रेक ऑइल रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवावे.

हवा काढायला दोन माणसे लागतात. एकाने पॅडल दाबून धरायचे, दुसऱ्याने स्लेव्हचा निपल किंचित सैल करायचा. बुडबुडे आणि तेल बाहेर आले की आधी निपल आवळायचा, मगच पॅडल सोडायचे. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करायचे आणि डबी रिकामी होऊ द्यायची नाही. सवय नसेल तर हे काम मिस्त्रींकडेच द्यावे.

झीज टाळणे मात्र आपल्याच पायात आहे. चालताना पाय क्लचवर टेकवून ठेवू नये. जव्हारच्या चढावर गाडी हाफ क्लचवर धरू नये, हँडब्रेक लावावा. चारोटीच्या गर्दीत थांबलो की गिअर न्यूट्रलला आणावा. गिअर अडू लागला, रिव्हर्स टाकताना दात घासल्याचा आवाज आला किंवा पॅडल दोनदा दाबल्यावरच लागू लागले, तर लांबचा प्रवास पुढे ढकलावा. आणि रस्त्यातच पॅडल बसले तर गाडी न्यूट्रलला आणून कडेला घ्यावी, पार्किंग लाइट लावावेत. महामार्गावर 1033 आणि रुग्णवाहिकेसाठी 108 हे क्रमांक घरातल्या सर्वांच्या मोबाइलमध्ये असावेत.

त्या सकाळी आम्ही सफरची दुआ पढूनच निघालो होतो. उंट मोकळा सोडून तवक्कुल करावा की बांधून, या प्रश्नाला प्रेषितांनी (स.) काय उत्तर दिले, हे आपल्या घरातल्या लहान मुलांनाही ठाऊक असते. आम्हालाही होते. आता दर महिन्याच्या पहिल्या जुम्म्याला बॉनेट उघडतो, डबीवरच्या दोन रेषांमध्ये तेल कुठे आहे ते मुलांकडून वाचून घेतो आणि मॅट उचलून पाहतो. पाच मिनिटे लागतात. अम्मी ओट्यावरून विचारतात, “बेटा, तेल जागेवर आहे ना?”