शिकवणारा गेला तरी वर्ग चालावा

स्वयंसेवकांनी ऑनलाइन चालवलेले संगणकाचे वर्ग धूमधडाक्यात सुरू होतात आणि बरेचदा दोन-चार महिन्यांत थंडावतात. शिकवणाऱ्याला नोकरी लागते किंवा त्याची परीक्षा तोंडावर येते. मग ग्रुपवर ‘आज क्लास आहे का?’ असे विचारणारेच तेवढे उरतात. याला माणसांच्या चिकाटीपेक्षा वर्गाची घडण जास्त जबाबदार असते, कारण सगळा वर्ग एकाच्या डोक्यात आणि त्याच्या फावल्या वेळात साठवलेला असतो. अशा वर्गाचा कणा शिक्षक नसावा, तपासून पक्का केलेला पाठ असावा. मुंबई आयआयटीत प्रा. कण्णन मौद्गल्य यांनी उभा केलेला ‘स्पोकन ट्यूटोरियल’ हा प्रकल्प याचा धडधडीत पुरावा आहे.

लिनक्स, लिबरऑफिस, पायथन, सी अशा मुक्त सॉफ्टवेअरवरचे साधारण दहा-दहा मिनिटांचे हे पाठ आहेत. प्रत्येक पाठाची संहिता दोन रकान्यांत लिहितात: पडद्यावर काय दिसेल ते एकीकडे, आवाजात काय येईल ते दुसरीकडे. जाणकार ती तपासतो. मग ती विषयात अगदी नवख्या असलेल्या माणसाच्या हाती देतात. तो जिथे अडेल, तिथे संहिता सुधारायची. एवढे झाल्यावरच ध्वनिमुद्रण होते आणि पुढे मराठीसह इतर भाषांत आवाज चढवतात. शिकणारा एका खिडकीत पाठ आणि शेजारच्या खिडकीत सॉफ्टवेअर उघडतो. थोडे पाहतो, थांबवतो, करून बघतो. शंका विचारताना पाठ कोणता, मिनिट कितवे आणि त्यातले कोणते दहा सेकंद हे सांगायचे असते. त्यामुळे उत्तर देणाऱ्याला अडलेली जागा लगेच सापडते.

या रचनेत काम इतके बारीक वाटले जाते की कुणावाचून काही अडत नाही. वर्ग भरवणाऱ्याला पायथन यायलाच हवे असे नाही. संगणक, हेडफोन आणि ठरलेली वेळ सांभाळली की पुरे. बुलढाण्यासारख्या 13 तालुक्यांच्या जिल्ह्यात याचे मोल मोठे आहे. शेगावात 1983पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, पण संग्रामपूर किंवा लोणारच्या शाळेला रोज संध्याकाळी प्रोग्रामिंग शिकवणारा कुठून मिळणार? पाठ आधीच उतरवून ठेवले, तर नेट गेले म्हणून वर्ग बुडत नाही. आणि पाळीने सेवा कशी करावी हे या जिल्ह्याला बाहेरून शिकायची गरज नाही. शेगावच्या गजानन महाराज संस्थानात सेवाधारी पाळीपाळीने येतात, नेमून दिलेले काम विनामोबदला करतात आणि परत जातात. माणसे बदलतात, व्यवस्था चालू राहते.

यावर आक्षेप निघतील. पहिला असा की हा प्रकल्प केंद्र सरकारच्या निधीवर उभा राहिला, पाठ तयार करणाऱ्यांना मानधन मिळाले. मग स्वयंसेवेशी त्याचा संबंध काय? पण खर्च आणि कष्ट पाठ घडवण्यात जातात, आणि ते पाठ आता सर्वांना फुकट उपलब्ध आहेत. गावातल्या गटाला फक्त ते चालवायचे आहेत. दुसरा आक्षेप, मराठीत शिकलेला मुलगा नोकरीत मागे पडेल. इथे आवाज मराठी असला तरी पडद्यावरचे मेनू आणि आज्ञा इंग्रजीतच राहतात, म्हणजे कामाच्या ठिकाणी जे दिसणार त्याचाच सराव होतो. तिसरा आक्षेप मात्र खरा आहे: चित्रफितीला मुलाची चूक दिसत नाही. कंस सुटला की समास चुकला, हे शेजारी बसून पाहणारे माणूसच सांगते. स्वयंसेवकाची खरी जागा ती आहे. तेच तेच व्याख्यान देण्यात त्याचा वेळ घालवणे ही उधळपट्टी ठरते.

म्हणून शेगाव, खामगाव, चिखलीच्या विद्यार्थ्यांनी आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या बुलढाणेकरांनी नवा अभ्यासक्रम रचायच्या भानगडीत पडू नये. आहेत ते पाठ घ्यावेत, आठवड्यातला एक तास ठरवावा, शंकांची पाळी वाटून घ्यावी आणि आपल्यानंतर ती पाळी कोण घेणार, त्याचे नाव पहिल्याच दिवशी लिहून ठेवावे.