नोंदीत काय लिहिले आहे? : माजी सैनिक, पदक आणि दुरुस्तीचा अर्ज

१४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ताफ्यावर हल्ला झाला आणि ४० जवान मारले गेले. त्यांत बुलढाणा जिल्ह्याचे दोघे होते. मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातील चोरपांग्र्याचे नितीन राठोड. त्या दिवसांत जिल्हाभर जे फलक लागले, त्या सगळ्यांवर एकच शब्द होता : शहीद. बोलण्यात, बातम्यांत, नेत्यांच्या भाषणांत तोच. मात्र सरकारी दफ्तरात हा शब्द सापडत नाही. संरक्षण आणि गृह या दोन्ही मंत्रालयांनी २०१७ साली केंद्रीय माहिती आयोगापुढे सांगून टाकले होते की लष्करात किंवा केंद्रीय पोलीस दलांत ‘शहीद’ अशी कुठलीही संज्ञा नाही. लष्कर ‘बॅटल कॅज्युअल्टी’ लिहिते, पोलीस दले ‘ऑपरेशन्स कॅज्युअल्टी’.

गावाचा शब्द आणि दफ्तराचा शब्द यांच्यातले हे अंतर हा या लेखाचा विषय आहे. गावाचा शब्द मान देतो. पण निवृत्तिवेतन, भरपाई आणि छातीवरचे पदक या तिन्ही गोष्टी दफ्तराच्या शब्दावर चालतात. तो शब्द चुकला असेल, अपुरा असेल किंवा कुणी मुद्दाम हलका लिहिला असेल, तर सैनिकाने काय करायचे? घरात पत्र्याच्या पेटीत डिस्चार्ज बुक जपून ठेवलेला आणि ‘माझ्या जखमेची नोंदच नीट झाली नाही’ असे म्हणणारा एखादा हवालदार किंवा नायक बहुतेक प्रत्येक तालुक्यात भेटतो. ‘मला वरचे पदक मिळायला हवे होते’ असे म्हणणारेही भेटतात. ही दोन गाऱ्हाणी एकसारखी वाटतात, पण कायद्याच्या दृष्टीने त्यांच्यात जमीनअस्मानाचा फरक आहे.

आधी नोंद कशी बनते ते पाहू. सैनिक जखमी झाला की त्याची पलटण वर कळवते. हा पहिला संदेश. मग इजेचा अहवाल, गरज पडली तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी, आणि शेवटी पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सेवापुस्तकातली पक्की नोंद. ही सगळी कागदपत्रे त्या त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात जाऊन बसतात. मराठा लाइट इन्फंट्रीची बेळगावला, बॉम्बे सॅपर्सची खडकीला, तोफखान्याची नाशिक रोडला, गार्ड्सची कामठीला, महार रेजिमेंटची मध्य प्रदेशातल्या सागरला. पुढे पन्नास वर्षे कुणी काहीही म्हणो, सरकार पाहणार ते हेच कागद. आणि यातला पहिला कागद कोण लिहितो? बहुधा एखादा दमलेला अ‍ॅडज्युटंट किंवा हेडक्लार्क, घाईत, कदाचित बर्फात. ती नोंद पुढे किती दूर जाणार आहे याचा विचार त्या क्षणी त्याच्या मनात असण्याचे कारण नसते.

या नोंदीतल्या एका वर्गीकरणाला फार महत्त्व आहे. संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्राने मृत्यू आणि अपंगत्वाची कारणे ए ते ई अशा पाच गटांत विभागली. सेवेशी संबंध नसलेले कारण ए गटात. सेवेमुळे जडलेला किंवा बळावलेला आजार बी गटात. कर्तव्यावर असताना झालेला अपघात सी गटात. आणि शत्रूची कारवाई, सीमेवरच्या चकमकी, युद्धसदृश परिस्थिती हे ई गटात. समजा, लष्कराची गाडी घाटात घसरली आणि जवानाचा पाय गेला, तर तो सी. तीच गाडी मोहिमेच्या क्षेत्राकडे जाताना अतिरेक्यांच्या सुरुंगावर गेली, तर तो ई. पाय एकच, पण अपंगत्वामुळे सेवेतून काढावे लागलेल्या सैनिकाला सी गटात शंभर टक्के अपंगत्वासाठी मिळणारा अंश शेवटच्या वेतनाच्या तीस टक्के असतो. ई गटात युद्धजखमेचा अंश शंभर टक्क्यांसाठी शेवटच्या वेतनाइतका पुरा असतो. सेवेचा अंश दोन्हींकडे वेगळा. शत्रूच्या कारवाईत प्रत्यक्ष जखमी झालेल्याला मिळणारे पराक्रम पदक, ज्याला पूर्वी ‘वूंड मेडल’ म्हणत, तेही याच नोंदीवर अवलंबून असते. म्हणूनच ‘बॅटल’ आणि ‘फिजिकल’ या दोन विशेषणांसाठी लोक वर्षानुवर्षे भांडतात. ते भांडण हट्टाचे नसते.

३ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला एक निकाल या बाबतीत बोलका आहे. जानेवारी २०१३ मध्ये नियंत्रण रेषेजवळ कडाक्याच्या थंडीत गस्तीवर असताना एका नाईकाला त्रास सुरू झाला आणि हृदय बंद पडून तो गेला. त्याची नोंद प्रथम ‘बॅटल कॅज्युअल्टी’ अशी झाली. नंतर ती बदलून ‘फिजिकल कॅज्युअल्टी’ करण्यात आली, आणि त्या बदलाबरोबर पत्नीचे उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतनही गेले. सशस्त्र दल न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला. सरकार अपिलात गेले. न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांनी ते अपील फेटाळले आणि सैनिकाच्या विधवेला न्यायालयात ओढल्याबद्दल सरकारला ५० हजार रुपयांचा दंड केला. गोळी लागली नव्हती हे खरे. पण तो माणूस तिथे, त्या थंडीत, त्या गस्तीवर का होता, हा प्रश्न न्यायालयाला महत्त्वाचा वाटला. मला तो निकाल दंडापेक्षा या प्रश्नासाठी मोलाचा वाटतो.

याच्याही आधी, २०१३ च्या धरमवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक उपयोगी तत्त्व मांडले. भरतीच्या वेळी वैद्यकीय तपासणीत आजाराची नोंद नसेल आणि पुढे तो आजार जडला, तर तो सेवेमुळे जडला असे गृहीत धरायचे. तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. म्हणजे नोंदीतले मौनही कधी कधी सैनिकाच्या बाजूने बोलते.

तर जखमेच्या, आजाराच्या, मृत्यूच्या वर्गीकरणाची दुरुस्ती मागता येते, आणि ती मिळतेही. पण पदकाचे काय? शौर्यपदकाची शिफारस पलटणीतून निघते, ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, कमांड अशा पायऱ्या चढत दिल्लीला जाते आणि राष्ट्रपतींच्या मान्यतेने २६ जानेवारीला किंवा १५ ऑगस्टला जाहीर होते. प्रत्येक पायरीवर कुणी तरी ती वाढवू, घटवू किंवा थांबवू शकतो. वीरचक्राची शिफारस खाली येता येता सेना पदक झाली, अशा कहाण्या प्रत्येक छावणीत ऐकू येतात. खऱ्या किती, मिठमसाला लावलेल्या किती, हे बाहेरच्याला सांगता येणे कठीण. न्यायालये या क्षेत्रात सहसा शिरत नाहीत. शौर्याची प्रत ठरवणे हे न्यायाधीशाचे काम नव्हे, अशी त्यांची भूमिका आहे, आणि ती मला चुकीची वाटत नाही.

मग न्यायाधिकरणापुढे मागायचे काय? याचे उत्तर कारगिलच्या एका प्रकरणात मिळते. ब्रिगेडियर देविंदर सिंग हे १९९९ च्या युद्धात बटालिक क्षेत्रात ७० इन्फंट्री ब्रिगेडचे प्रमुख होते. युद्धानंतर त्यांना विशिष्ट सेवा पदक मिळाले. ते उत्तम सेवेचे पदक आहे, लढाईतल्या शौर्याचे नव्हे. त्यांचे वरिष्ठ, कोअर कमांडर लेफ्टनंट जनरल किशन पाल यांनी त्यांच्या कामगिरीचा जो अहवाल लिहिला, त्याला त्यांनी आव्हान दिले. मे २०१० मध्ये न्यायाधिकरणाच्या दिल्लीतील मुख्य पीठाने तो अहवाल पूर्वग्रहदूषित ठरवला, तो शेरा काढून टाकायला सांगितले आणि बटालिकच्या लढाईचा लिहिलेला इतिहासही दुरुस्त करण्याचे आदेश दिले. न्यायाधिकरणाने पदक दिले नाही. त्याने कागद बदलला. लढाई संपून ११ वर्षे झाल्यावर एका ब्रिगेडने कुठे काय केले, याची सरकारी गोष्ट नव्याने लिहावी लागणे, हे आपल्याकडे फार वेळा घडलेले नाही.

नोंद किती चिवट असते याचा दुसरा दाखला सरसेनापतींचाच आहे. जनरल विजयकुमार सिंग यांची जन्मतारीख लष्कराच्या एका शाखेत १० मे १९५० होती, दुसऱ्या शाखेत १० मे १९५१. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत प्रवेशासाठी भरलेल्या अर्जात १९५० पडले आणि शाळेच्या प्रमाणपत्रावर १९५१ राहिले. पुण्याच्या लष्करी रुग्णालयात जन्मलेला हा माणूस देशाचा लष्करप्रमुख झाला, तरी त्याला ती एका आकड्याची दुरुस्ती करून घेता आली नाही. सरकारने तक्रार फेटाळली. १० फेब्रुवारी २०१२ रोजी त्यांनी सर्वोच्च न्यायालयातली याचिका मागे घेतली आणि ३१ मे रोजी ते निवृत्त झाले. चार तारे लावलेल्याची ही गत, तर शिपायाची काय, असे कुणी म्हटले तर त्याला काय उत्तर द्यावे?

क्वचित नोंद पटकन बदलतेही, पण त्यासाठी माणूस जिवंत समोर उभा राहावा लागतो. १९६२ च्या युद्धात मेजर धनसिंग थापा मृत समजून त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र जाहीर झाले होते. ते चीनच्या कैदेत निघाले आणि ‘मरणोत्तर’ हा शब्द खोडावा लागला. १९९९ मध्ये ग्रेनेडियर योगेंद्रसिंह यादव यांच्याबाबत तसेच झाले; ते रुग्णालयात उपचार घेत होते, गेलेला जवान त्याच नावाचा दुसरा होता.

अमेरिकेत या कामासाठी १९४६ च्या कायद्यापासून वेगळी मंडळे आहेत. त्यांचे कामच सैनिकी नोंदी दुरुस्त करणे. तिथे जुन्या पदकांचा फेरविचारही झाला आहे. ज्यू आणि हिस्पॅनिक सैनिकांना भेदभावाने कमी दर्जाची पदके दिली गेली का, हे तपासण्याचे काम काँग्रेसने लष्कराला दिले. आणि १८ मार्च २०१४ रोजी २४ जणांना एकदम सर्वोच्च पदक, मेडल ऑफ ऑनर, देण्यात आले. त्यांपैकी तिघेच त्या दिवशी हयात होते. मात्र त्याच देशात १९७३ साली सेंट लुईसच्या दफ्तरखान्याला लागलेल्या आगीत लाखो सैनिकांच्या फाइली जळाल्या, आणि त्यांचे वारस आजही जुनी पत्रे नि छायाचित्रे जोडून अर्ज करत असतात.

लष्कराबाहेरच्या सन्मानांची वाट निराळी आणि काहीशी मोकळी आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर गोळ्या लागून कमरेखाली पंगू झाले. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक मिळवले. १९८२ मध्ये त्यांनी अर्जुन पुरस्कार मागितला तो नाकारला गेला. २०१८ मध्ये पद्मश्री, आणि जानेवारी २०२५ मध्ये अर्जुन जीवनगौरव. सुवर्णपदकाची नोंद कधीच वादात नव्हती. ती वाचायला कुणी तयार नव्हते. हे दुखणे अर्थात नोंद दुरुस्तीने बरे होणारे नव्हते.

आता मलकापूरच्या माजी सैनिकाने प्रत्यक्षात काय करावे? पहिले काम बुलढाण्याला घाट चढून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाण्याचे. मग रेकॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज, आणि त्याच्याबरोबर माहिती अधिकारात आपल्याच कागदांच्या प्रती : इजेचा अहवाल, कोर्ट ऑफ इन्क्वायरीचे कामकाज, वैद्यकीय मंडळाचा अहवाल, पार्ट टू ऑर्डर. मागणी नेमकी हवी. ‘मला न्याय द्या’ या अर्जाला उत्तर येत नाही. ‘अमुक तारखेच्या ऑर्डरमधील सी गट बदलून ई करावा, कारण सोबत जोडलेला अहवाल असे म्हणतो’ या अर्जाला द्यावेच लागते. नकार आला तर वरची तक्रार, आणि त्यानंतर २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या न्यायाधिकरणाचे मुंबई पीठ. अंतिम नकारानंतर सहा महिन्यांत तिथे जायचे असते; वरच्या तक्रारीला सहा महिने उत्तरच आले नाही तरी जाता येते. निवृत्तिवेतनाचा दावा उशिरा केला तरी चालतो, पण २००८ च्या तरसेम सिंग निकालानुसार थकबाकी सहसा मागच्या तीन वर्षांचीच मिळते. म्हणजे उशिराची किंमत अर्जदारच मोजतो. केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या जवानांना ही वाट नाही. ते गृह मंत्रालयाखाली येतात. त्यांना उच्च न्यायालय गाठावे लागते.

कागदांनाही आयुष्य असते. निवृत्तिवेतन नसलेल्या सैनिकाचे सेवा कागद नियमानुसार २५ वर्षांनी नष्ट केले जातात. मागे उरतो तो लाँग रोल, ज्यात नाव, क्रमांक, भरती आणि मुक्ततेची तारीख एवढे असते, आणि जखम कशी झाली हे सहसा नसते. तेव्हा साक्षीला उरतात ते पलटणीतले सोबती. १९६५ साली विशीत असलेले आज ऐंशीच्या पुढे आहेत, १९७१ चे पंचाहत्तरीच्या आसपास. त्यांची प्रतिज्ञापत्रे मागायची असतील तर ती याच हिवाळ्यात मागितलेली बरी.